औलीला डिसेंबरात बर्फ मिळेल का? अंदाज कसा वाचायचा, आणि मशीनच्या बर्फावर किती विसंबायचं?

खेळशिक्षक_परतवाडा

नमस्कार मंडळी. नववी आणि अकरावीची मिळून २४ मुलं सात दिवसांच्या स्कीइंग वर्गासाठी उत्तराखंडातल्या औलीला न्यायची आहेत. दोन तारखा समोर आहेत: २० ते २७ डिसेंबर, नाहीतर जानेवारीचा शेवटचा आठवडा. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा आणि आमची शाळा केंद्र, त्यामुळे त्याच्या पुढं जमत नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडते, म्हणजे बर्फाचा पत्ता लागायच्या आधीच तारीख ठरवणं आलं.

सराव म्हणून याच आठवड्याचा अंदाज पाहून राहिलो, तर एक ॲप म्हणते २२ सेंटिमीटर बर्फ, दुसरं म्हणते पाऊस. एकाच गावासाठी इतका फरक कसा? नेमकं काय पाहायचं ते सांगा. दुसरं, औलीला कृत्रिम बर्फाची सोय आहे असं वाचलं. वरून बर्फ नाही पडला तर मशीनवर भागते का? मुलांचं म्हणणं, पारा शून्याच्या खाली गेला की मशीन चालू. एवढं सोपं आहे का ते?

पश्चिमी_वारे

सर, तारखेचं आधी. साठ दिवस आधी अमुक आठवड्यात बर्फ पडेल हे कोणतंच मॉडेल सांगू शकत नाही. तेव्हा फक्त हंगामाचा स्वभाव पाहायचा, आणि तो जानेवारीच्या शेवटाकडे झुकतो. औलीचा बर्फ पश्चिमी विक्षोभातून येतो. भूमध्य समुद्र, कॅस्पियनकडून निघालेल्या या प्रणाली वरच्या पश्चिमी वाऱ्यांसोबत सरकत हिमालयाला धडकतात. हिवाळ्यात महिन्याला चार ते सहा येतात, पण त्यातल्या एकदोनच दमदार. डिसेंबरात पश्चिमी वाऱ्यांचा हा पट्टा अजून पुरता खाली उतरलेला नसतो, जमिनीतही ऊब असते. म्हणून पहिला बर्फ बरेचदा गवतावर पडतो अन् चार उन्हांत जातो. जानेवारी संपेपर्यंत तीनचार थर एकावर एक बसण्याची शक्यता बरीच वाढते.

तरी शाश्वती नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये २,६५० मीटरवरचं गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं. २०२५ ला तिथले खेलो इंडियाचे हिवाळी खेळ बर्फ नसल्यामुळे फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले.

आता ॲपमधला फरक. मॉडेल डोंगराला चौकटींत कापते. युरोपियन मॉडेलची चौकट साधारण ९ किलोमीटरची, अमेरिकन जीएफएसचा फुकट मिळणारा डेटा साधारण २५ किलोमीटरचा. एका चौकटीला एकच उंची. औलीखालचं जोशीमठ गाव १,९०० मीटरच्या आसपास, औलीचे उतार २,५०० ते ३,०५० मीटर, आणि दरी तर त्याहून खोल. चौकटीची सरासरी उंची २,२०० धरली गेली तर ॲप तिथलं तापमान दाखवते अन् वर नाव लिहिते औली. म्हणून ॲपनं कोणती उंची धरली ते आधी शोधा. बहुतेक ठिकाणी गावाच्या नावाखाली बारीक अक्षरात दिलेली असते. मग दर १०० मीटरला ०.६५ अंश वजा करा. २,२०० मीटरला ३ अंश असेल, तर २,८०० ला ३ उणे ३.९, म्हणजे उणे ०.९. तुमच्या एका ॲपचा पाऊस आणि दुसऱ्याचा बर्फ इथंच वेगळे होतात.

याहून सरळ वाट म्हणजे विंडीसारख्या नकाशावर ७०० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं माप) हा थर उघडणं. हा थर ३,००० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे औलीच्या वरच्या टोकाची हवा आयती हातात येते. पर्जन्याच्या वेळी तिथं उणे ३ किंवा त्याहून कमी, आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या वर आणि वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा असेल, तर खालच्या उतारापर्यंत बर्फ धरून चाला. तिथं शून्य असेल, तर बर्फाची रेषा शून्याच्या पातळीच्या दोनतीनशे मीटर खाली, म्हणजे २,८०० च्या आसपास. वर बर्फ, खाली चिखल. जोर फार असला तर वितळत्या बर्फानं हवा गार होऊन रेषा आणखी उतरते, पण त्या भरवशावर बेत आखू नका.

सेंटिमीटरचा आकडा पाहूच नका, पाण्याचे मिलिमीटर पाहा. बहुतेक ॲप १ मिलिमीटरचा १ सेंटिमीटर करून टाकतात. शून्याजवळच्या ओल्या बर्फात त्याचे जेमतेम ५ ते ७ मिलिमीटर होतात, उणे १० च्या कोरड्या हवेत १५. म्हणजे तुमचे ते २२ सेंटिमीटर प्रत्यक्षात १२ सुद्धा निघू शकतात.

भरवसा किती? आठ दिवस आधी ‘विक्षोभ येतोय’ एवढंच. किती पडेल हे तीनचार दिवस आधी. दहा दिवसांच्या पुढं गेलात तर एकच रेघ न पाहता एन्सेम्बल उघडा, म्हणजे सुरुवात जराशी बदलून त्याच मॉडेलनं काढलेले अनेक अंदाज. युरोपियनचे असे ५० सदस्य असतात. त्यातले ३५ एकाच दोन दिवसांवर बर्फ दाखवत असतील तर दम आहे, १० दाखवत असतील तर तो नुसता गोंधळ समजा. वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असेल तर साडेपाच तास मिळवायला विसरू नका, नाहीतर रात्रीचा बर्फ संध्याकाळच्या खात्यात जातो. शेवटच्या चार दिवसांत हवामान खात्याच्या डेहराडून केंद्राचं जिल्हावार पत्रक रोज वाचा. चमोली जिल्ह्याच्या ओळीत ‘२,५०० मीटरच्या वर’ असं काही लिहिलं असेल, तर तो आकडा तुमच्या कामाचा.

कूलिंगटॉवर_वरूड

मशीनचं मी सांगतो. पारा शून्याखाली गेला की झालं, हे चूक आहे सर, आणि ते का चूक हे विदर्भातल्या पोरांना समजावणं एकदम सोपं. त्यांच्या घरी कूलर आहे.

मे महिन्यात ४४ अंश, आर्द्रता १५ टक्के असते तेव्हा ताट्या ओल्या झाल्या की कूलर २५-२६ अंशांची हवा फेकते. तोच कूलर जुलैत, ३२ अंश आणि ८० टक्क्यांत, नुसती चिपचिप करते. कारण ओलं फडकं हवेत जास्तीत जास्त जितकं गार होऊ शकते तीच कूलरची सीमा. तिला वेट बल्ब म्हणजे ओल्या बल्बचं तापमान म्हणतात. मे महिन्याच्या त्या दुपारी ते २३ च्या जवळ असते, जुलैच्या त्या दिवशी २९.

बर्फाची बंदूक हा डोंगरावर ठेवलेला कूलरच समजा. नळीच्या तोंडाला नोझलची कडी, मागं मोठा पंखा. पाण्याचे थेंब मिलिमीटरच्या काही दशांशांचे. थेंब उडतो, त्यातलं थोडं पाणी वाफ होऊन जाते, उरलेलं गार होते आणि खाली पडायच्या आत गोठलं पाहिजे. म्हणून साधा पारा पाहायचा नाही, ओला बल्ब पाहायचा. उणे २.५ ला काम कसंबसं सुरू होते, उणे ५-६ च्या खाली चांगलं चालते.

औलीच्या उंचीला हिशेब असा लागते:

पारा अधिक २, आर्द्रता ३० टक्के: ओला बल्ब उणे ३.५ च्या आसपास. मशीन चालते.
पारा ०, आर्द्रता ३० टक्के: उणे ५. चांगलं चालते.
पारा उणे १, आर्द्रता ९० टक्के: उणे १.६. बंद ठेवा, नुसतं पाणी उडेल अन् उतारावर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा होईल.

शून्याच्या वर बर्फ बनतो आणि शून्याखाली बनत नाही, असं हे प्रकरण आहे. इंटरनेटवरचे तक्ते समुद्रसपाटीचे असतात. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे त्याच पारा-आर्द्रतेला ओला बल्ब आणखी अर्धा-एक अंश खाली जाते. औलीसाठी हा फरक आपल्या फायद्याचा.

आता थंडी किती लागते ते पाहा. एसीचा ‘टन’ हा शब्द मुळात बर्फावरूनच आला: २४ तासांत ९०७ किलो पाणी गोठवण्याइतकी थंडी, म्हणजे साडेतीन किलोवॅट. एक बंदूक सेकंदाला एक लिटर पाणी फेकत असेल, तर ते गोठवायला ९५ टन लागतात. आपल्याकडच्या संत्र्याच्या शीतगृहाचं सगळं यंत्र त्यापुढं लहान पडते. ही थंडी बंदुकीचा पंखा देत नाही, आजूबाजूची हवा देते. हवेजवळ ती नसेल तर कितीही भारी मशीन आणा, उपयोग नाही.

पाण्याचं तापमान लोक विसरतात. एक किलो पाणी गोठवायला ३३४ किलोज्यूल काढावे लागतात. तेच पाणी १० अंशांचं आलं तर आणखी ४२, म्हणजे आठवा हिस्सा ओझं वाढलं. म्हणून तलावाचं पाणी २ ते ५ अंशांवर हवं. डिसेंबराच्या सुरुवातीला ते तसं नसलं तर आधी कूलिंग टॉवरमधून फिरवतात.

थेंब गोठायला बी लागते, हेही ध्यानात ठेवा. स्वच्छ बारीक थेंब उणे ५-६ लाही पाणीच राहू शकतो. म्हणून कडीतल्या काही नोझलमध्ये पाण्यासोबत दाबाची हवा सोडतात. ती बाहेर पडताच फुगते, एकदम गार होते अन् बर्फाचे सूक्ष्म कण तयार होतात. मोठे थेंब त्यांच्यावर आदळून गोठतात. या हवेच्या लाइनमध्ये ओल साचली तर नोझल आतून गोठून बंद होते, आणि बंदूक चालू दिसते पण पाडते पाऊस. कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी काढणं राहिलं की हे हमखास होते.

संत्राबाग_मोर्शी

कूलिंगटॉवर भाऊ, बी म्हणून एक जिवाणूही वापरतात ते राहिलं. स्यूडोमोनास सिरिंजी. पिकाच्या पानावर बसून उणे २ च्या आसपासच दहिवर गोठवणारा हाच तो जिवाणू. त्याच्याच प्रथिनापासून केलेली, जिवाणू मारून सुकवलेली भुकटी स्नोमॅक्स नावानं बर्फाच्या पाण्यात टाकतात. शेतकऱ्याचं नुकसान करणारा गुण तिथं कामाला येतो.

आणि सर, थंडी कुठं साचते हे शेतकऱ्याला विचारा. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा जड होऊन खोलगट वावरात उतरते. नाल्याकाठचा हरभरा करपतो, टेकाडावरचा वाचतो. औलीतही तेच. विक्षोभ निघून गेल्यावरच्या शांत रात्री खालचा खोलगट भाग वरच्या धारेपेक्षा गार असू शकतो. म्हणजे ०.६५ वजा करायचा हिशेब त्या रात्रीपुरता उलटा पडते. ढग आणि वारा असलेल्या रात्री तो बरोबर लागते.

पश्चिमी_वारे

मोर्शीकर भाऊंची दुरुस्ती मान्य. माझा हिशेब हलत्या, ढगाळ हवेचा आहे. बर्फ पडताना तो चालतो, शांत रात्री नाही.

यातूनच मशीनचा मोका कळतो. विक्षोभ येताना ओली हवा, ढग, ओला बल्ब वर. तेव्हा आभाळाला काम करू द्यायचं. तो पूर्वेला सरकला की वायव्येची कोरडी हवा घुसते, आभाळ उघडते, आर्द्रता ९० वरून ३० वर येते. त्यानंतरच्या दोनतीन रात्री मशीनसाठी सगळ्यांत उत्तम. तीच हवा पुढं मध्य भारतात उतरते, तेव्हा गोंदिया-नागपूरचा पारा घसरल्याच्या बातम्या येतात. पेपरात ती बातमी दिसली की औलीचा मोका बहुधा होऊन गेलेला असतो.

वाराही पाहा. फार असला तर बर्फ उतार सोडून झाडीत जातो. एकदम पडलेला असला तर बंदुकीभोवती तिचीच ओल साचते आणि ओला बल्ब वर चढते. मंद, एका दिशेचा वारा हवा.

खेळशिक्षक_परतवाडा

खूप उलगडलं, आभारी आहे. म्हणजे दोन विक्षोभांमधले कोरडे दिवस लांबले तरी मशीन चालू शकते. मग डिसेंबर अगदीच बाद का करायचा? आणि चोवीस पोरांना शिकायला बर्फ लागतो तरी किती?

उतारावरची_ताई

सर, शिकाऊ मुलांना उंच उतार लागत नाही. ३० मीटर रुंद, १०० मीटर लांब, हलक्या चढाचा एक पट्टा चोवीस जणांना पुरतो, दोन तुकड्या केल्या तर. त्यावर दाबून बसलेला ३०-४० सेंटिमीटर बर्फ हवा. ताजा भुसभुशीत ३० सेंटिमीटर म्हणजे दाबल्यावर १० सुद्धा नाही. खाली बुग्याळाचं, म्हणजे डोंगरावरच्या कुरणाचं गवत असेल तर थोड्या कमीतही चालते, पण दगड असतील तर अजिबात नाही. सुरुवातीच्या हंगामातल्या दुखापती पातळ बर्फाखालच्या दगडानं आणि गवताच्या गुच्छात अडकलेल्या स्कीनं होतात. गुडघा पिरगळतो.

आता हाच पट्टा मशीननं करायचा म्हटलं तर हिशेब घाला. ३० गुणिले १०० गुणिले ०.४, म्हणजे १,२०० घनमीटर बर्फ. मशीनचा बर्फ जड, घनमीटरला ४५० किलोच्या आसपास. म्हणजे ५ लाख ४० हजार लिटर पाणी. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. बंदूक सेकंदाला एक लिटर दराने रात्री दहा तास चालली तर ३६ हजार लिटर. भागाकार केला तर एका बंदुकीच्या १५ रात्री, चार बंदुका असल्या तर चार रात्री. आणि या चारही रात्री ओला बल्ब उणे ३ च्या खाली, दहाही तास. डिसेंबरात अशा रात्री मिळतात, पण लागोपाठ आणि तुमच्या तारखेच्या नेमक्या आधी मिळतील हे कोण सांगेल?

औलीचा तलाव आणि बर्फाची यंत्रं २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांच्या निमित्ताने आली. ती स्पर्धेच्या उतारासाठी. शाळेच्या सहलीसाठी कोणी ती चालवेल असं गृहीत धरू नका. वर्ग घेणाऱ्यांना फोनवर स्पष्ट विचारा: या हंगामात यंत्रं चालू आहेत का, कोणत्या उतारावर, शिकाऊ पट्टा त्यात येतो का, आणि बर्फ नसल्यास पैसे परत की पुढची तारीख? उत्तर लेखी घ्या. माझं मत स्पष्ट आहे, जानेवारीचा शेवटचा आठवडा घ्या आणि मशीन हिशेबातच धरू नका. असली तर बोनस.

मशीनचा बर्फ मिळालाच तर तो कसा ओळखायचा तेही मुलांना शिकवा. बंदुकीच्या फवाऱ्याखाली जाकिटाची बाही धरायची. कण बाहीवर टप्पे खात निसटले तर कोरडा, चिकटून विरघळले तर ओला. मग मूठभर घेऊन आवळा. गोळा झाला आणि हात कोरडा राहिला तर उत्तम. बोटांतून पाणी निथळलं तर पाणी कमी करायला सांगावं लागते. पाया थोडा ओला चालतो, जमिनीला धरून बसतो. वरचा थर कोरडाच हवा, नाहीतर सकाळी तो दगडासारखा होतो आणि नवशिका पडला की कोपर सोलते. पाडलेले ढीग लगेच पसरू नयेत, एखादा दिवस निथळू द्यावेत.

प्रवासाचं एक. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा रोपवे थांबवला होता, त्यामुळे रस्त्यानंच चढायचं धरून चाला. बर्फ पडत असताना तो रस्ता बंद होतो किंवा साखळ्या लावलेली गाडीच जाते. ऋषिकेश ते जोशीमठ एक पूर्ण दिवस लागतो. विक्षोभाच्या दिवशी पोहोचायचं नियोजन करू नका. तो येण्याच्या आदल्या दिवशी जोशीमठला असा, किंवा तो गेल्यावर वर चढा. एक दिवस राखून ठेवला नाही तर सात दिवसांचा वर्ग पाचाचा होतो.

खेळशिक्षक_परतवाडा

ठरलं ताई, जानेवारीचा शेवटचा आठवडा, आणि एक दिवस हातचा राखून. पालकसभेत हा बंदुकीच्या १५ रात्रींचा हिशेबच फळ्यावर लिहितो.

तोवर मुलांकडून ओला बल्ब मोजून घ्यायचा विचार आहे. प्रयोगशाळेत साधे तापमापक आहेत. शाळेच्या अंगणात जमेल का? आणि तिथं वर नेला तर चालेल?

कूलिंगटॉवर_वरूड

जमते सर. एकसारखे दोन तापमापक घ्या. आधी दोन्ही एकाच पाण्यात बुडवून वाचन जुळते का पाहा. फरक असेल तर लिहून ठेवा, पुढं वजा करायला. एकाच्या फुग्यावर मलमलचा एकच पदर, धुऊन खळ काढलेला, दोऱ्यानं बांधा. टोक छोट्या बाटलीत सोडा. पाणी डिस्टिल्ड घ्या, क्षारानं कापड कडक झालं की वाचन चढते. दोन्ही सावलीत, छातीच्या उंचीवर. वाचनाआधी दोन मिनिटं पुठ्ठ्यानं जोरात वारा घाला, पारा उतरायचा थांबला की लिहा. सकाळी सहा आणि दुपारी दोन, महिनाभर. डिसेंबरातल्या कोरड्या दुपारी दोन्हींत १०-१२ अंशांचा फरक निघाला तर दचकू नका, आपली हवाच तशी आहे.

औलीला नेला तर एक गोष्ट वेगळी. शून्याखाली बाटली काढून टाका, फडकं नुसतं ओलं करा. फडक्यातलं पाणी उणे २-३ पर्यंत न गोठता राहू शकते. मग ते एकाएकी गोठते अन् पारा टुणकन शून्यावर उडी मारते. मुलांना वाटेल तापमापक बिघडला. तसं होऊ द्यायचं नसेल तर फडक्याला बर्फाचा एक खडा टेकवा, गोठू द्या, आणि पारा पुन्हा खाली येऊन स्थिर होईपर्यंत वारा घालत राहा. तो स्थिर झालेला आकडा लिहायचा, आधीचा नाही.